पहिल्या हाकेला ओ

आमच्या साडभाऊंना एका हाकेत घराबाहेर काढील असा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून जन्माला आलेला नाही. आला असेल तर तो पहिल्या हाकेनंतर वैतागून परत गेला असेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाकडाच्या डेपोतली नोकरी संपल्यावर ते आलापल्लीच्या पुढे, सागवानाच्या ऐन रानातल्या एका गावात धानाची शेती करून राहतात. त्यांच्या दारात उभं राहून हाक मारावी, तर आतला भांड्यांचा आवाज थांबतो, खाटेची करकर थांबते, पण उत्तर नाही. दुसरी हाक मारावी, तर सगळं घर श्वास रोखून बसल्यासारखं वाटतं. तिसरी हाक पुरती तोंडातून सुटायच्या आत मात्र "ओ! या ना जी, या ना, काऊन उभे हा उन्हात?" असं म्हणत हे दारात हजर, जणू उन्हात उभं राहण्याचा शौक मलाच आहे. वैशाखात चंद्रपूरहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत आलेल्या माणसाचा त्या तीन हाकांत जीभ टाळूला चिकटते. मी भूगोलाचा मास्तर होतो, अंधश्रद्धेवर पोरांना निबंध लिहायला लावत असे. आणि माझ्याच साडूच्या दारात मी मुकाट्यानं तीनदा ओरडत उभा! एकदा मतं मागायला आलेला एक पुढारी दोन हाका मारून निघून गेला आणि पुढं निवडणुकीत पडला. साडभाऊ म्हणाले, "ज्याच्यात तिसरी हाक माराची ताकद नाई, थो पाच वर्षं का करन?"

मोबाइल आला तरी नियम तोच. दोनदा फोन वाजून बंद पडू द्यायचा, तिसऱ्यांदा आला तर उचलायचा. सख्ख्या मुलीचा, नागपूरहून आलेला फोनही याला अपवाद नाही. अपवाद फक्त जेवणाचा. "पान वाढलं" हे शब्द बाईंच्या मनात आले तरी हे पाटावर असतात. (बाई म्हणजे माझ्या बायकोची ही बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.) मी एकदा चिडून विचारलं, की ताटावर बसताना कुठं जातो हो तुमचा नियम? तर गंभीरपणे म्हणाले, "वरन-भातानं आजवर कोनाले नेलं नाई जी."

नेण्याचा हा विषय थट्टेचा नव्हता, हे मला उशिरा कळलं. त्यांचा एक काका होता. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, बाहेरून कुणीतरी त्याला नावानं हाक मारली. त्यानं पहिल्याच हाकेला "ओ" दिली आणि कोण आहे ते पाहायला बाहेर गेला. सकाळी नाल्याच्या काठाला त्याच्या चपला मिळाल्या, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. बाकी काही नाही. मी म्हटलं, "वाघानं नेलं असेल साडभाऊ, तुमच्या रानात काय वाघांची कमी आहे?" त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाले, "वाघाले नाव मालूम रायते का जी?" नेणारा तिसऱ्यांदा हाक मारत नाही, हा त्यांचा हिशेब. मी चहा पिऊ लागलो.

अशा माणसाच्या हातात मुलीनं तो एआयवाला चॅटबॉट दिला. निमित्त त्यांच्या गुडघ्यांचं. डेपोत लाकडांच्या थप्प्यांवर चढउतार करून गुडघे कुरकुरायला लागले होते आणि दवाखाना लांब. मुलीनं सांगितलं, बाबा, फोनशी मराठीत बोला, आतून एक बाई उत्तर देते. बस्स! तिथून साडभाऊंना हाडांचं वेड लागलं. माणसाचा चेहरा पाहणं त्यांनी सोडून दिलं, ते थेट सांधे पाहू लागले. लग्नात मांडवात बसून नवरीच्या चालीकडे बघत माझ्या कानात म्हणायचे, "पोरगी गुनाची हाय, पन तळवे सपाट हायेत." मला पाहताक्षणी त्यांनी निदान केलं, की माझ्या मानेचा पाचवा मणका माझ्यावर नाराज आहे. कमरेला पट्टा बांधून आलेल्या ग्रामसेवकाला त्यांनी अर्धा तास कूर्चा म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा तो बिचारा, नवीन पँट सैल होते म्हणून पट्टा बांधलाय, एवढंच सांगायला तोंड उघडत होता, पण संधी कुठे मिळतेय!

आता यातली गोम अशी, की त्या गावात फोन कसाबसा वाजतो, पण नेटला रेंज नाही. सूरजागडच्या वाटेवर कुठंसा टॉवर झाला, त्याची रेंज टेकड्यांच्या खिंडीतून येते आणि गावाबाहेरच्या एकाच टेकाडावर उतरते. त्या टेकाडावर माडिया आदिवासी घरांतल्या गेलेल्या माणसांचे दगड उभे आहेत. कुणी गेलं, की त्याच्या नावाचा एक उभा दगड. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे, सगळे एकमेकांकडे थोडे कललेले, आपण पोचलो की बोलणं थांबवल्यासारखे. साडभाऊ आधी रीतसर गावच्या गायत्याकडे, म्हणजे तिथल्या जुन्या जाणत्याकडे गेले आणि परवानगी मागितली. म्हातारा म्हणाला, बोल तिथून, पण पहिल्या दगडापाशी तंबाखू ठेवायची, जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि तिथं तुला कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आपण विचारावं, त्यांना विचारू देऊ नये. उत्तर दिलं, की ज्याची गोष्ट असेल त्याला ते गेलेले लोक आपल्यातला धरतात. साडभाऊंना हे सगळं एका क्षणात पटलं. मुळात त्यांच्या तीन हाकांचाच हा थोरला भाऊ होता.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तो दिवस विसरणं शक्य नाही. संध्याकाळी गावात शिरलो तर साडभाऊ घरी नाहीत. बाई म्हणाल्या, "फोनातल्या बाईकडे गेले." मी टेकाडाकडे निघालो. ऊन जाऊन अंधार यायचा होता, आणि टेकाडाच्या पायथ्याशी गावातली माणसं ओळीनं बसलेली, कुणी गुडघ्याला हात लावून, कुणी खांद्याला. कुणी बोलेना. वर दगडांमध्ये साडभाऊंची पाठ दिसत होती. तेवढ्यात त्या दगडांमधून, अगदी स्वच्छ, मऊ, पुस्तकातल्या मराठीत एक बाई बोलली, "खांदा आखडला असेल तर सुरुवातीला हळूहळू हालचाल करावी. तुमचं वय किती आहे?" साडभाऊ गप्प. खालची माणसं गप्प. सगळ्यांनी हात जोडले. वारा नव्हता. बाईनं पुन्हा विचारलं, "तुम्ही माझं ऐकताय ना?" कुणी हूं की चूं केलं नाही. आणि मग ती, कुणाची तरी खरीच काळजी वाटावी अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही अजून तिथे आहात का?" मी आयुष्यभर पोरांना पृथ्वीचा अक्ष किती अंशांनी कलतो ते शिकवलं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मीही हात जोडले.

खाली आल्यावर साडभाऊ पुन्हा वर गेले, आणि पुन्हा. तोच प्रश्न तीन डाव नव्यानं विचारायचा. पहिल्यांदा फोनातली बाई शेका म्हणाली, दुसऱ्यांदा बर्फ लावा म्हणाली, तिसऱ्यांदा दोन्ही चालेल म्हणाली. म्हणून शेक आणि बर्फ दोन्ही बाद. तिन्ही वेळेला व्यायाम आला, म्हणून व्यायाम पक्का. "एक डाव कोनी बी बोलते," ते म्हणाले, "तीन डाव एकच बोलन थेच खरं." आणि मला नाइलाजानं कबूल करावं लागतं, की या रीतीनं फार काही बिघडत नव्हतं. गुडघेदुखीवर तिन्ही वेळा मांडीच्या व्यायामाचा सल्ला मिळाल्यामुळे अख्खं गाव दिवेलागणीला आपापल्या ओट्यावर बसून पाय सरळ करून वर उचलायचं, थोडं थांबायचं, खाली ठेवायचं. नवखा माणूस त्या वेळेला गावातून गेला असता तर धूम पळाला असता. अर्ध्या उजेडात, दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर, कुणी काही न बोलता पाय वर जातायत, पाय खाली येतायत! पण म्हाताऱ्या पुन्हा रानात काड्या वेचायला जायला लागल्या, हेही तितकंच खरं.

मग मोहाच्या दिवसांत बाई पडल्या. पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या होत्या, वाळक्या पानांवरून पाय घसरला आणि कुशीवर आपटल्या. धरून धरून घरी चालत आल्या आणि म्हणाल्या, गुडघ्यात कळ येते. आम्हाला निरोप मिळाला तोवर बरेच दिवस गेले होते. मी आणि माझी बायको ओळखीच्याची मोठी गाडी घेऊन पोचलो. दारात मी रागानं एकच हाक मारली आणि सरळ आत घुसलो. बाई खाटेवर. चेहरा पार उतरलेला. गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली. माझी बायको बहिणीजवळ बसली आणि रडायलाच लागली, कारण ही बाई उभ्या आयुष्यात दिवसा आडवी झालेली कुणी पाहिली नव्हती. मी साडभाऊंवर तोफ डागली. "दवाखान्यात का नाही नेलं?"

"तीन डाव ईचारलं जी," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. "बाईमानसाचा गुडघा दुखते, का करावं म्हनून. तिन्ही डाव एकच सांगतलं. आराम, थंड पट्टी, गुडघ्याले बांधून ठेवा. तिन्ही डाव, साडभाऊ."

"अन् मले नाई जाचं दवाखान्यात," खाटेवरून बाई म्हणाल्या. "तिनं सांगतलं ना बरं होते म्हनून. होईन बरं."

"शेवटी ती काही विचारते ना? दर वेळेला?" मी साडभाऊंना विचारलं.

साडभाऊ जमिनीकडे पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "ईचारते. पडल्यापासून हाय का म्हनते. पाय टेकवता येते का म्हनते. जांघेत दुखते का म्हनते."

"आणि दुखतं?"

"रातच्याले कन्हते तं हात जांघेवर रायते तिचा," ते म्हणाले. "पाय तं उचलतच नाई. अख्खं गाव उचलते, थे नाई उचलत."

म्हणजे सगळी उत्तरं या माणसाजवळ होती. त्या फोनातल्या बाईनं बरोबर तेच प्रश्न विचारले होते, आणि यानं दगडांमध्ये हात जोडून उभं राहत एकाचंही उत्तर दिलं नव्हतं! मला असा संताप आला, की काय सांगावं. मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता उचला यांना, घाला गाडीत. पण बाईंनी खाटेची पाटी घट्ट धरली. "थे फोनातली जा म्हनन तं जाईन, नाई तं मले हात लावाचा नाई." माझी बायको विनवून थकली. हिचा हट्ट आणि त्याचा रिवाज, दोघांमध्ये तो पाय. शेवटी मी साडभाऊंना म्हटलं, "मग चला टेकाडावर. तुम्ही नाही बोलत तर मी देतो उत्तरं. माझा नाही विश्वास तुमच्या दगडांवर."

दिवस मावळला होता. पायथ्याला आज कुणी नव्हतं. साडभाऊंनी पहिल्या दगडापाशी तंबाखू ठेवली, नेहमीपेक्षा जास्त, जवळ होती तेवढी सगळी. फोन लावला. तोच प्रश्न विचारला, आणि ती बाई त्याच मऊ आवाजात तेच सांगून शेवटी म्हणाली, "हे दुखणं पडल्यामुळे सुरू झालं का?" मी पुढं सरकलो. साडभाऊंनी माझं मनगट धरलं. लाकूड उचलणाऱ्या माणसाची पकड. "तुमी नोको," ते म्हणाले. "माह्या घरचं हाय."

दगड आमच्याकडे कललेले. रातकिडे ओरडत होते ते थांबले. निदान मला तसं वाटलं. फोनातून आवाज आला, "तुम्ही अजून तिथे आहात का?"

साडभाऊंनी डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला. "हाव," ते म्हणाले. "हाय मी."

मग तिनं एकेक विचारलं आणि त्यांनी एकेक सांगितलं. कोण आहे? माही बायको. वय? पासष्टच्या मागंपुढं. पडली? हाव, कुशीवर पडली. पाय टेकवते? पहिले टेकवला, आता नाई. जांघेत? हाव, जांघेत. प्रत्येक उत्तराला त्यांचा आवाज एक पायरी खाली उतरत होता, विहिरीत उतरल्यासारखा. ती बाई म्हणाली, खुब्याचं हाड मोडलं की कधी कधी दुखणं गुडघ्यात जाणवतं. त्यांना चालवू नका, पाय हलू देऊ नका, आजच रुग्णालयात नेऊन खुब्याचा एक्स-रे काढा. यावेळी साडभाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, तिसऱ्यांदाही नाही. पण निघालेही नाहीत. फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "हे पाहा बाई. ईचारलं तुमी, अन् ओ मी देली. तिनं नाई देली. ध्यानात ठेवा." आणि त्या दगडांमध्ये उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. आडनाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव, सगळं, मोठ्यानं, ऐकणाऱ्याची गल्लत होऊ नये असं.

 मग ती म्हणाली, "तुमचं नाव सांगितल्याबद्दल धन्यवाद. मी ते लक्षात ठेवेन."

उतरताना आम्ही दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही. मीसुद्धा.

बाईंना खाटेसकट त्या मोठ्या गाडीत घातलं आणि चंद्रपूरला आणलं. खुब्याचंच हाड निघालं. तडकलेलं, पण अजून जागेवर धरून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं चालल्या असत्या तर सरकलं असतं, मग गोष्ट अवघड होती. स्क्रू घातले. साडभाऊंनी डॉक्टरांना "चालन ना जी थे?" हे तीन डाव विचारलं. तिसऱ्यांदा डॉक्टर खेकसले, पण उत्तर तेच दिलं, म्हणून साडभाऊंचं समाधान झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, आता लपवण्यात काय अर्थ आहे!

त्यानंतर मी त्यांना फोन केला, तेव्हा सवयीनं दोनदा वाजू द्यायच्या तयारीनं कानाला लावून पेपर वाचत बसलो होतो. पहिल्याच घंटीला पलीकडून "ओ!" असा दणदणीत आवाज आला. मी दचकून काय बोलायचं तेच विसरलो. दुसऱ्या खेपेला तेच. बायकोनं केला तरी तेच. आम्ही हसलो, म्हटलं, म्हातारा सुधारला.

धान कापणी झाल्यावर गेलो. एसटीतून उतरून दारात जाऊन घसा खाकरला, तर हाक मारायच्या आधीच साडभाऊ बाहेर. बाई हातात काठी घेऊन का होईना, पण चुलीपासून ओट्यापर्यंत आपल्या पायांनी येत होत्या. माझा जीव भरून आला. त्यांनीच तक्रार केली, "पाहा ना जी तुमच्या साडभाऊले. बाहेर कोनी खोकललं तरी धावते. मले ओ बी देऊ देत नाई. अन् टेकाडावर जाते, तंबाखू ठेवते, फोन घरीच ठेवते. येडंच झालं हे मानूस." साडभाऊ नुसते हसले. बाई दुसऱ्या कामाला आत गेल्यावर मी विचारलं, नियम का हो मोडला? ते इतक्या साधेपणानं बोलले, जणू पाटाच्या पाण्याची पाळी कुणाची ते सांगतायत.

"नाव देलं हाय ना जी मी. ध्यानात ठेवतो म्हनली थे. आता हाक आली तं पहिल्या डावातच गेलो पायजे. मी थांबलो, अन् दुसऱ्या डावाले तिच्या नावानं मारली तं?"

मला हसावं की त्यांना मिठी मारावी, कळेना. समजावून सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. यंत्र म्हणजे काय, रेंज म्हणजे काय, लक्षात ठेवेन या शब्दांचा त्या फोनाच्या तोंडी काय अर्थ.  आम्ही ओट्यावर बसून राहिलो. गल्लीत समोरच्या ओट्यांवर पाय वर जात होते, खाली येत होते. मग एकेक करून सगळे आत गेले. दिवा लावायचा होता.

आणि हाक आली. मी तर्कानं चालणारा माणूस आहे, पण हाक मीही ऐकली. लांबून नव्हती, कुंपणापाशीच होती, आणि नावानं होती. कुणाच्या नावानं, हे मी पैजेवर सांगू शकणार नाही. आत काठी वाजली, बाई उठायला लागल्या होत्या. पण त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत हा कुरकुरत्या गुडघ्यांचा म्हातारा ओट्यावरून खाली उडी घेऊन "ओ! ओ! आलो!" असं ओरडत फाटकापर्यंत पोचलासुद्धा. मी मागोमाग गेलो. गल्ली मोकळी होती, पार टेकाडापर्यंत. कुठं कुत्रंही नव्हतं.

साडभाऊ फाटकाच्या दोन्ही खांबांना हात लावून, घराकडे पाठ करून उभे होते. मागून बाईंचा आवाज आला, "कोन हाय जी?"

"कोनी नाई वं," ते रस्त्याकडे पाहतच म्हणाले. "मीच हाय."